एका चौकटीत दोन घड्याळे: किनाऱ्यावरील धबधबा आणि लाटा, दीर्घ एक्स्पोजरच्या प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२४

प्रकल्पाचा विषय ठरून महिना झाला, पण जागा आज पक्की झाली, म्हणून नोंदी आजपासून सुरू करत आहे. कड्यावरून सुमारे १२ मीटर खाली उतरणारा एक अरुंद धबधबा, त्याच्या पायथ्याशी वाळूची लहानशी पट्टी, तिच्यापुढे काळ्या कातळाची फरशी आणि मग समुद्र, असे या कोपऱ्याचे रूप आहे. ओहोटीला धबधब्याचे पाणी वाळूवर पडते आणि उथळ ओहळ होऊन समुद्राकडे जाते. भरतीला लाटा थेट पायथ्याला भिडतात आणि गोडे पाणी खाऱ्या पाण्यात पडताना दिसते. मला हा संगम एकाच छायाचित्रात, शक्यतो एकाच एक्स्पोजरमध्ये, म्हणजे शटर एकदाच उघडून, टिपायचा आहे.

आज कॅमेरा पिशवीतून बाहेर काढला नाही. सकाळी साडेआठच्या ओहोटीपासून दुपारी पावणेतीनच्या भरतीपर्यंत बसून पाणी कुठवर येते, कोणत्या कातळावरून वळते आणि कोणत्या फटीतून माघारी जाते, एवढेच पाहिले. २० लाटा फुटायला ३ मिनिटे ४० सेकंद लागली, म्हणजे दोन लाटांमध्ये साधारण ११ सेकंदांचे अंतर आहे. धबधब्याचा हिशेब कागदावर केला. हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर १२ मीटरवरून सुटलेला थेंब सुमारे १.६ सेकंदांत खाली पोहोचतो आणि त्या वेळी त्याचा वेग सेकंदाला १५ मीटरच्या थोडा वर असतो. धबधब्यात जे काही घडायचे ते दीड सेकंदात घडून जाते आणि पुढच्या दीड सेकंदात तेच पुन्हा घडते. लाटेला मात्र उठून, फुटून, वाळूवर चढून माघारी फिरायला पूर्ण ११ सेकंद हवे असतात. एकाच चौकटीत दोन घड्याळे चालू आहेत आणि कॅमेऱ्याला शटर एकच आहे. या प्रकल्पाची खरी अडचण ही आहे, असे आज परतताना स्पष्ट झाले.

८ ऑक्टोबर २०२४

फिल्टरांची चाचणी घरीच, खिडकीतून दिसणाऱ्या एका भिंतीवर केली. एनडी फिल्टर म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच, आणि एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे. ३ स्टॉपचा एनडी फिल्टर प्रकाशाचा आठवा भाग आत सोडतो, ६ स्टॉपचा चौसष्टावा आणि १० स्टॉपचा १,०२४ वा. म्हणजे फिल्टरशिवाय १/१५ सेकंद पुरत असेल, तर त्याच प्रकाशात ३ स्टॉपला अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त, ६ स्टॉपला सव्वाचार सेकंद आणि १० स्टॉपला ६८ सेकंद लागतील. हा तक्ता मी लहान अक्षरांत लिहून पिशवीच्या झाकणाला आतून चिकटवला आहे, कारण पहाटेच्या अंधारात, बोटे गारठलेली असताना, तोंडी गुणाकार चुकतो हा जुना अनुभव आहे.

फिल्टर टाळून छिद्र लहान करत जाण्याचा मोह होतो, म्हणून तीही परीक्षा घेतली. एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान. एफ/२२ वर भिंतीच्या गिलाव्यातली बारीक भेग जवळजवळ नाहीशी झाली. एफ/११ वर ती स्वच्छ होती. कारण भौतिकशास्त्रातले आहे: छिद्र जितके लहान, तितका प्रकाश त्याच्या कडेशी अधिक पसरतो. हिरव्या प्रकाशासाठी हिशेब केला तर एफ/२२ वर प्रकाशाच्या एका बिंदूचा ठिपका साधारण ३० मायक्रॉन रुंद होतो, आणि माझ्या २४ मेगापिक्सेल फुल-फ्रेम सेन्सरचा एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा आहे. एफ/११ वर तोच ठिपका १५ मायक्रॉनवर येतो. पाण्याला धूसरपणा हवा आहे, कातळाला नको आहे. संपूर्ण प्रकल्पासाठी एफ/८ ते एफ/११ आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० हे ठरवून टाकले.

१० स्टॉपचा फिल्टर चित्राला तपकिरी छटा देतो. पांढऱ्या कार्डाचे छायाचित्र फिल्टरसह आणि फिल्टरविना घेऊन व्हाइट बॅलन्सचा फरक नोंदवून ठेवला. फिरवून गडद करता येणारा व्हेरिएबल फिल्टर मी या कामातून वगळला आहे. रुंद कोनाच्या भिंगावर तो टोकापर्यंत फिरवला की आकाशात फुलीच्या आकाराचा काळा डाग उमटतो, आणि तो नंतर कोणत्याही उपायाने नीट जात नाही.

१२ ऑक्टोबर २०२४

पहिले प्रत्यक्ष सत्र आज झाले आणि हाती एकही वापरण्याजोगे चित्र आले नाही. भरती सकाळी आठच्या सुमारास पूर्ण होणार होती, म्हणून उजाडण्यापूर्वी पोहोचून ट्रायपॉड वाळूवर उभा केला. चौकट मनासारखी मिळाली, फोकस घेऊन तो मॅन्युअलवर टाकला, फिल्टर चढवला आणि ६८ सेकंदांचे चार एक्स्पोजर घेतले. मागच्या पडद्यावर चारही सुंदर दिसत होते. घरी मोठे करून पाहिले, तेव्हा कड्याच्या प्रत्येक कडेला शेजारी दुसरी पुसट कडा होती.

कारण समजायला वेळ लागला नाही. लाट येऊन गेली की ट्रायपॉडच्या पायाभोवतीची वाळू पाण्याबरोबर निघून जाते आणि पाय बोटभर खाली बसतो. शेवटचा एक्स्पोजर चालू असताना मी स्वतः ते पाहिले होते: पाणी ओसरताना डाव्या पायाभोवती वाटीएवढा खळगा झाला, त्यात क्षणभर पाणी गोल फिरले, आणि पाय सावकाश त्यात उतरला. तेव्हा मला त्या खळग्याचे रूपच भावले, त्याचा अर्थ लक्षात आला नाही.

आता क्रम असा ठेवतो. ट्रायपॉडचा सर्वांत खालचा, बारीक टप्पा आधी पूर्ण उघडायचा, म्हणजे वरचे सांधे वाळू आणि खाऱ्या पाण्यापासून दूर राहतात. मग तिन्ही पाय अंगाचा भार देऊन वाळूत शक्य तितके खोल दाबायचे, दोन-तीन लाटा त्यांच्याभोवती फिरू द्यायच्या, पुन्हा दाबायचे, आणि त्यानंतरच चौकट ठरवायची. कातळ मिळत असेल तर वाळूवर उभेच राहायचे नाही. मधला दांडा वर काढायचा नाही. वजन म्हणून पिशवी लटकवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण किनाऱ्यावरच्या वाऱ्यात ती लोलकासारखी हलते आणि तिच्याबरोबर सगळे हलते. लटकवायचीच असेल तर ती अर्धी जमिनीला टेकलेली असावी. कॅमेऱ्यातील स्थिरीकरण बंद करायचे, नाहीतर स्थिर ट्रायपॉडवरही ते नसलेली हालचाल शोधत राहते.

आणखी एक दोष चारही चित्रांत आहे: मध्यभागी जांभळट पट्टा. सूर्य पाठीमागे वर येत होता आणि कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून प्रकाश आत शिरला. १/६० सेकंदाला हा प्रकाश जाणवत नाही, ६८ सेकंदांत तो चित्रात येऊन बसतो. काळ्या चिकटपट्टीचा तुकडा आता व्ह्यूफाइंडरच्या शेजारीच चिकटवून ठेवला आहे.

१७ ऑक्टोबर २०२४

आज पौर्णिमा, त्यामुळे उधाण. ओहोटी सव्वासहाला होती आणि पाणी एरवीपेक्षा बरेच आत गेले होते. जी फरशी मी केवळ पाण्याखाली पाहिली होती, ती उघडी पडली. तिच्यावरच्या खळग्यांत साचलेले पाणी आणि पलीकडे समुद्र, अशी चौकट धरली. प्रकाश अजून कमी होता. फिल्टरशिवाय एफ/११ ला १/४ सेकंद येत होते, म्हणून १० स्टॉपला ४ मिनिटे १६ सेकंद. ३० सेकंदांच्या पुढे शटर बल्बवर (बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे ठेवणारी सोय) ठेवून केबल रिलीजने, म्हणजे तारेला जोडलेल्या बटणाने, उघडावे लागते आणि वेळ स्वतः मोजावा लागतो. त्याशिवाय कॅमेऱ्यातील दीर्घ एक्स्पोजरचा नॉइज (चित्रातले दाणेदार ठिपके) कमी करण्याची सोय चालू असेल, तर तो तेवढाच वेळ शटर बंद ठेवून दुसरे, पूर्ण काळे चित्र घेतो आणि गरम झालेल्या पिक्सेलांचे ठिपके मूळ चित्रातून वजा करतो. एका चित्राला साडेआठ मिनिटे. पहाटेच्या प्रकाशात साडेआठ मिनिटे म्हणजे निम्मी संधी असते. मी ती सोय बंद केली आहे आणि सत्राच्या शेवटी भिंगाला झाकण लावून तेवढ्याच कालावधीचे एक काळे चित्र घेतो. वजाबाकी घरी करता येते.

चित्रे तांत्रिकदृष्ट्या उत्तम आली. कातळ धारदार, आकाशात ढगांचे लांब फराटे, आणि समुद्राच्या जागी पांढुरके धुके. या ४ मिनिटांत तेवीसेक लाटा येऊन गेल्या, पण चित्रात एकही नाही. आहे ती त्यांची सरासरी. १८३८ मध्ये छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या दागेरने पॅरिसच्या बुलेव्हार द्यू ताँप्ल या रस्त्याचे चित्र घेतले, तेव्हा एक्स्पोजर इतका दीर्घ होता की गजबजलेल्या रस्त्यावरची वाहने आणि माणसे चित्रातून नाहीशी झाली आणि बूट साफ करून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला माणूस तेवढा उमटला. माझ्या फरशीवर ओहोटीतला खडक त्या माणसासारखा उरला आहे.

मला हे चित्र नाकारायचे नाही. शांततेचे चित्र म्हणून ते खरे आहे आणि अंतिम संचात एक तरी असे असावे. परंतु समुद्राचे चित्र म्हणून ते अपुरे वाटते. धुके पाहून पाणी कोणत्या दिशेने गेले हे सांगता येत नाही, आणि माझा सगळा विषय पाण्याच्या जाण्याचा आहे.

१९ ऑक्टोबर २०२४

आज केवळ धबधबा. समुद्र चौकटीबाहेर ठेवून, एकाच जागेवरून, फिल्टर आणि छिद्र बदलत शटरची मालिका घेतली. ही नोंद सविस्तर ठेवतो, कारण पुढचे निर्णय हिच्यावर अवलंबून आहेत.

१/५०० सेकंदाला पाणी काचेच्या तुकड्यांसारखे थिजते. प्रत्येक थेंब वेगळा, पण धबधबा कोसळतो आहे असे वाटत नाही, लटकला आहे असे वाटते. १/६० ला थेंबांना शेपट्या फुटतात आणि चित्र निर्णय न झाल्यासारखे दिसते, ना थिजलेले ना वाहते. १/१५ पासून रेषा सुरू होतात. १/४ सेकंदाला मला आजची सर्वांत चांगली पोत मिळाली: कड्याच्या वरच्या ओठावरून पाणी तीन जाड दोऱ्यांत सुटते, मध्यावर एका पुढे आलेल्या दगडावर आपटून त्यांतला डावा दोरा पंख्यासारखा उघडतो, आणि खाली या दोऱ्यांच्या आरपार मागचा ओला कातळ दिसत राहतो. अर्ध्या सेकंदाला दोरे मऊ होतात, पण वेगळे ओळखू येतात. १ सेकंदाला ते एकमेकांत विरघळू लागतात. ८ सेकंदांना धबधब्याच्या जागी पांढरा, सपाट पट्टा उरतो, त्यात ना जाडी ना खोली.

८ सेकंद आणि २ सेकंद यांच्या चित्रांत मला जवळजवळ काही फरक सापडला नाही, आणि पहिल्या दिवशीच्या हिशेबानुसार तसेच व्हायला हवे. थेंबाचा प्रवास दीड सेकंदाचा आहे. त्यानंतर शटर उघडे ठेवून धबधब्याकडून नवीन काही मिळत नाही, तीच वाट पुन्हा पुन्हा रंगवली जाते आणि पांढरा भाग हिस्टोग्रामच्या, म्हणजे उजेड-अंधाराच्या आलेखाच्या, उजव्या भिंतीला जाऊन चिकटतो. धबधब्याच्या दीर्घ एक्स्पोजरमध्ये पांढरा पट्टा जळतो तो याच कारणाने: पाणी एकाच वाटेने पडत राहते, म्हणून चमक पसरत नाही, साठत जाते. मी आता एक्स्पोजर कातळावर मोजत नाही, धबधब्याच्या सर्वांत उजळ भागावर मोजतो आणि कातळाचा अंधार रॉ फाइलमधून (सेन्सरच्या प्रक्रिया न केलेल्या नोंदीतून) नंतर वर काढतो.

पोलरायझरचा, म्हणजे चकाकी कापणाऱ्या फिल्टरचाही प्रयोग झाला. ओल्या कातळावरची चकाकी गेली आणि शेवाळाचा हिरवा व दगडाचा तांबूस रंग वर आला. शिवाय तो दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो, म्हणजे सौम्य एनडी फिल्टरचे काम त्यात आपसूक होते. पण ओल्या वाळूत पडलेले आकाशाचे प्रतिबिंबही त्याने पुसून टाकले. कड्यासाठी तो हवा, वाळूसाठी नको.

२४ ऑक्टोबर २०२४

आज भांगाची भरती. पाण्याची चढ-उतार कमी, आणि भरतीची वेळ सहाला काही मिनिटे कमी, म्हणजे नेमकी उजाडताना. लाटांचे शेवटचे पाणी धबधब्याच्या पायथ्याला अलगद स्पर्श करून परत जात होते. संगमाची चौकट आज प्रथमच मिळाली.

आणि दोन घड्याळांची अडचणही आज पूर्ण रूपाने समोर आली. १/४ सेकंदाला धबधबा हवा तसा, पण समुद्र केवळ हललेला, जणू फोकस चुकला आहे. ११ सेकंदांना, म्हणजे एका लाटेच्या पूर्ण फेऱ्याला, समुद्रावर फेसाच्या कमानी सुंदर उमटतात आणि धबधबा खडूने ओढलेली पट्टी होतो.

त्यावर एक उपाय करून पाहिला. अर्ध्या सेकंदाची १६ चित्रे लागोपाठ घेऊन त्यांची संगणकावर सरासरी काढली. नॉइज चौथाईवर येतो, कारण तो चित्रांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, आणि आकाश व कातळ खरोखर रेशमासारखे आले. पाण्याला मात्र हे मानवत नाही. दोन चित्रांमध्ये शटर बंद असते तेवढ्या वेळात फेसाची कड पुढे सरकते, त्यामुळे सलग रेषेऐवजी पायऱ्या उमटतात. संथ पाण्यावर ही पद्धत चालते; फुटणाऱ्या लाटेवर ती फसते.

२५ ऑक्टोबर २०२४

लहान नोंद, सफाईची. कालच्या चित्रांपैकी शेवटची सहा फिल्टरवरच्या मिठाने वाया गेली. तुषारांचा थेंब कोरड्या कापडाने पुसला की पाणी जाते, मीठ काचेवर पसरते आणि उजेडाच्या दिशेने पाहिले तर संपूर्ण चौकटीवर दुधाळ पडदा येतो. आता एक कापड गोड्या पाण्याने ओले आणि दुसरे कोरडे, अशी जोडी ठेवतो. आधी ओल्याने मीठ विरघळवायचे, मग कोरड्याने टिपायचे. दीर्घ एक्स्पोजर सुरू होईपर्यंत भिंगासमोर हात धरून थांबायचे आणि तो चालू असताना मोठा तुषार आलाच तर तो एक्स्पोजर सोडून द्यायचा. ट्रायपॉडचे सगळे सांधे घरी येताच गोड्या पाण्याखाली उघडून धुतले.

३० ऑक्टोबर २०२४

संध्याकाळचे पहिले सत्र. ओहोटी पाचनंतर लगेच होती, म्हणून संधिप्रकाशात फरशी मोकळी मिळाली. उतरत्या प्रकाशात दीर्घ एक्स्पोजर घेणे म्हणजे सरकत्या जमिनीवर मोजमाप करणे. शटर उघडताना केलेले मोजमाप शटर बंद होईपर्यंत खरे राहत नाही. पहिले ४ मिनिटांचे चित्र जवळपास एक स्टॉप काळे आले. दुसऱ्याला मी अडीच मिनिटांनी पुन्हा आकाशाकडे पाहून अंदाजाने दीड मिनिट वाढवले आणि ते बरोबर बसले. पहाटे हाच हिशेब उलट करावा लागतो.

सोबत जुना फिल्म कॅमेराही नेला होता. फिल्मवर या अडचणीत आणखी एक भर पडते. प्रकाश निम्मा केला तर वेळ दुप्पट करायची हा सरळ नियम दीर्घ एक्स्पोजरमध्ये फिल्मला लागू राहत नाही; मंद प्रकाश दीर्घकाळ पडला तर त्याचा परिणाम हिशेबापेक्षा कमी होतो. खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्त्सशिल्ट यांनी ताऱ्यांच्या प्रकाशाची मोजमापे करताना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा फरक सूत्रात मांडला. म्हणून उत्पादकाचा तक्ता पाहून मोजलेल्या वेळेत भर घालावी लागते. डिजिटल सेन्सरला हा दोष नाही. त्याच्यापुढे अडचण येते ती उष्णतेची आणि नॉइजची. फिल्मची चारच चित्रे घेतली, धुऊन आल्यावर पाहीन. मुख्य काम डिजिटलवरच होईल.

१ नोव्हेंबर २०२४

आज एकही चित्र घेतले नाही, तरी नोंद महत्त्वाची आहे. दूरवरच्या वादळाचा फुगवटा किनाऱ्यावर पोहोचला होता. दोन लाटांमधले अंतर १५ सेकंदांपर्यंत वाढले होते, आणि खोल पाण्यात १५ सेकंदांच्या लाटांच्या दोन शिखरांमध्ये साधारण ३५० मीटर अंतर असते, म्हणजे प्रत्येक लाटेमागे पाण्याचा प्रचंड साठा चालून येत असतो. दहा-बारा मिनिटे समुद्र अगदी शांत राहायचा, आणि मग चार-पाच मोठ्या लाटांचा जथा यायचा.

कड्यावरून पाहिले, तेव्हा मी पौर्णिमेला जिथे ट्रायपॉड लावला होता, ती फरशी कोरडीठाक दिसत होती. वीस मिनिटे थांबलो. एकोणिसाव्या मिनिटाला आलेल्या लाटेने ती संपूर्ण झाकली आणि पाणी वाळूच्या पट्टीवरून थेट कड्याला जाऊन आपटले. माझे सहकारी, जे आतापर्यंतच्या प्रत्येक सत्रात समुद्राकडे तोंड करून उभे राहिले आहेत, एवढेच म्हणाले, "आज वरूनच पाहू या." आम्ही वरूनच पाहिले.

एक्स्पोजर चालू असताना छायाचित्रकाराची नजर कॅमेऱ्यावर आणि घड्याळावर खिळलेली असते. म्हणून कुणीतरी समुद्राकडे पाहत असलेच पाहिजे. उतरण्यापूर्वी वीस मिनिटे पाहणे, परतीची वाट पाण्याखाली जाण्याची वेळ लिहून ठेवणे आणि कोरड्या दिसणाऱ्या कातळावर ओलीची रेषा कुठवर आहे ते तपासणे हे आम्ही एकदाही टाळलेले नाही. धबधब्याच्या थेट खाली उभे राहत नाही, कारण पाण्याबरोबर वरून दगडही सुटतात.

८ नोव्हेंबर २०२४

चित्र मिळाले.

भरती पुन्हा पहाटे सहाच्या आसपास, पुन्हा भांग, आणि दोन लाटांमध्ये पुन्हा ११ सेकंद. गेल्या दोन आठवड्यांत एक गोष्ट मनात पक्की होत गेली होती: मी लाटेचा पूर्ण फेरा टिपण्याचा हट्ट धरला होता, आणि त्याची गरज नव्हती. लाटेच्या ११ सेकंदांत एक तुकडा असा आहे, ज्यात तिची सगळी दिशा दिसते, आणि तो माघारीचा आहे. लाट चढताना फेस गोंधळलेला असतो, सगळीकडे एकदम धावतो. पाणी परतताना मात्र ते उताराला शरण जाते. प्रत्येक दगडाला वळसा घालते आणि फेसाच्या बारीक रेषा समुद्राच्या दिशेने ओढत नेते. त्या तुकड्यातले पाऊण-एक सेकंद पुरेसे आहेत, आणि तेवढ्या वेळात धबधब्याचे दोरेही अजून शाबूत असतात. दोन्ही घड्याळे जिथे जुळतात ती जागा इथे आहे.

फिल्टरशिवाय एफ/११ ला १/१० सेकंद येत होते, म्हणून ३ स्टॉपच्या फिल्टरने ०.८ सेकंद. पोलरायझर लावला नाही, कारण वाळूतले प्रतिबिंब हवे होते. ट्रायपॉड फरशीच्या वरच्या कडेवर, तिन्ही पाय दगडात. आता सगळे काम क्षण ओळखण्याचे होते. सहकारी लाटा मोजत होते आणि मी केबल रिलीज हातात धरून फक्त वाळूकडे पाहत होतो.

"ही लहान आहे, सोडून द्या. पुढची घ्या," ते म्हणाले. पुढची आली, फुटली, पायथ्यापर्यंत चढली. "थांबा. अजून थांबा. फिरली!"

लाट फिरते तो क्षण जवळून असा दिसतो: चढत आलेले पाणी वाळूवर अर्धा सेकंद पूर्ण थबकते, त्याच्या कडेचा फेस जाळीसारखा उघडतो, जाळीच्या छिद्रांतून ओली वाळू चमकते, आणि मग सगळी जाळी एकदम खाली सरकू लागते. सरकणे सुरू झाल्यावर मनात एक म्हणायचे आणि मग बटण दाबायचे. थबकलेल्या क्षणी दाबले तर रेषा तोकड्या येतात. फार उशीर केला तर फेस विरून गेलेला असतो आणि चित्रात राखाडी वाळू उरते. पावणेदोन तासांत ६१ चित्रे घेतली. त्यांपैकी पाचांत फेसाच्या रेषा धबधब्याच्या पायथ्यापासून सुटून चौकटीच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत सलग गेल्या आहेत. चाळिसाव्या चित्रात धबधब्याचे गोडे पाणी पडते तिथे फेसाला एक मोकळी, गडद जागा आहे आणि परतणारी लाट तिला दोन्ही बाजूंनी वळसा घालते. गेल्या पाच आठवड्यांत मी हेच शोधत होतो.

१६ नोव्हेंबर २०२४

निवड आणि संस्करण. चाळिसाव्या चित्रात धबधब्याचा पांढरा भाग काठावर आहे, पण रॉ फाइलमध्ये पोत शिल्लक आहे. कातळाचा अंधार दीड स्टॉप वर घेतला, त्यापुढे गेलो नाही. ओला काळा दगड काळाच दिसला पाहिजे. फेसाच्या रेषांची तीव्रता वाढवण्याचा प्रयत्न करून तो मागे घेतला, कारण पाणी तारेसारखे दिसू लागले.

२४ ऑक्टोबरच्या चित्रांपैकी १/४ सेकंदाचा धबधबा आणि ११ सेकंदांचा समुद्र जोडून एक प्रयोगही केला. दोन एक्स्पोजर जोडणे ही फसवणूक आहे, असे मी मानत नाही. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या समुद्रचित्रांपैकी काहींत आकाशासाठी एक आणि समुद्रासाठी दुसरी अशा दोन निगेटिव्ह एकत्र छापल्या होत्या, कारण त्या काळचे कोलोडियन (काचेच्या निगेटिव्हवरचा प्रकाशसंवेदी थर) निळ्या प्रकाशाला इतके संवेदनशील होते की समुद्र नीट येईपर्यंत आकाश पूर्ण पांढरे पडत असे. त्यांच्यासमोर चौकटीच्या दोन भागांना दोन वेळा हव्या होत्या, आणि माझी अडचण त्यांच्या अडचणीची वंशज आहे. तरीही माझे जोडचित्र मी संचातून वगळले. त्यात धबधबा आणि समुद्र दोन्ही सुंदर आहेत, पण पडणाऱ्या पाण्याने समुद्राच्या फेसात केलेली ती गडद जागा त्यात नाही, कारण ज्या लाटेत ती झाली असती, ती लाट दुसऱ्या चित्रात आहे. संगम जोडून मिळत नाही.

फिल्मची चार चित्रे आली. एक उत्तम आहे, तीन कमी प्रकाशाची. तक्त्यातली भर मी कंजूषपणे घातली होती.

२३ नोव्हेंबर २०२४

पहिला छाप पाहिला, कागद मॅट. चकचकीत कागदावर ओल्या दगडाची चमक दुप्पट होत होती. मॅटवर फेसाच्या रेषा पेन्सिलीने ओढल्यासारख्या बसल्या. काळ्या भागात थोडा तपशील बुडाला आहे, म्हणून छपाईसाठी वेगळी, किंचित उजळ फाइल तयार करायची आहे.

भरती साडेसहाच्या सुमारास होती, म्हणून पहाटे पुन्हा जागेवर गेलो; त्याच चौकटीचे, थोड्या उंचावरून, दुसरे रूप घ्यायचे होते. ते घेता आले नाही. महिन्याच्या सुरुवातीच्या फुगवट्यानंतर वाळूची पट्टी बारीक होत चालली होती, ती आता नाहीशी झाली आहे. अशा जागा किती पटकन बदलतात याचे मोठे उदाहरण कॅलिफोर्नियातील मॅकवे धबधब्याचे आहे. तो पूर्वी थेट समुद्रात पडत असे, १९८० च्या दशकातील दरडीनंतर त्याच्या पायथ्याशी वाळूचा किनारा तयार झाला. इथे उलट घडले आहे. वाळू गेली, आणि धबधबा आता उघड्या पडलेल्या गोल दगडांवर आपटतो. त्याचा आवाजही बदलला आहे, पूर्वी तो घुमणारा होता, आता फुटका आणि कोरडा आहे. परतणारे पाणी त्या दगडांमधून एकसंध रेषेत न जाता अनेक लहान धारांनी निथळते आणि प्रत्येक धार वेगळ्या वेळी थांबते. ०.८ सेकंद इथे उपयोगाचे नाहीत. धारांना किमान दोन लागतील, आणि धबधबा तेवढा वेळ देणार नाही.

कॅमेरा पिशवीतच ठेवला, कड्याच्या पायथ्यापासून दूर एका दगडावर बसून घड्याळ काढले आणि मोजायला सुरुवात केली. आज २० लाटांना ४ मिनिटे लागली.